धुतलेले पाय

आमच्या दवाखान्यात आफ्रिकेतले एक सर्जन येणार आहेत असं मोठ्या डॉक्टरांनी सकाळच्या चहाला सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्यांना आपलं तिखट चालतं का?" तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला याहून शहाणं काही सुचू नये, याची आज लाज वाटते. पण जे झालं ते झालं तसं लिहायचं ठरवून बसलेय, तेव्हा सुरुवातीलाच मखलाशी नको.

दवाखाना धारवाडातला, धर्मादाय, लहानसा. दोन वॉर्ड, एक ऑपरेशन थिएटर, मागच्या अंगणात एक लांब कट्टा आणि त्याच्या टोकाला नळ. मी तिथली मुख्य सिस्टर. तोंडावर सगळे मला अक्का म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं आणि त्याने माझं काही बिघडत नव्हतं. चादरीवर डाग दिसला की मी वॉर्ड डोक्यावर घ्यायची. माझे वडील शाळामास्तर. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा मी घरातून दवाखान्यात आणला होता. नळावर कन्नडमध्ये आणि मराठीत तशी पाटी होती, अक्षर माझंच.

हे नवे डॉक्टर आले ते हुबळीहून बसने, हातात दोरीने बांधलेली बॅग घेऊन. उंच, वाळलेले, साठीकडे झुकलेले. दारातच त्यांनी आमच्या कंपाउंडरला अस्सल इकडच्या कन्नडमध्ये विचारलं, "आराम अदीरेन्री?" बरे आहात ना? कंपाउंडर बिचारा इंग्रजी वाक्य पाठ करून उभा होता, ते तो विसरूनच गेला. तरुणपणी डॉक्टर हुबळीत डॉक्टरी शिकले होते, सर्जरीची पदवीही इथेच घेतली होती, आणि आमचे मोठे डॉक्टर त्यांच्या वर्गात होते. हे आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. त्यांचं कन्नड हॉस्टेल, कॅन्टीन आणि बसस्टँडवर शिकलेलं; रुग्णाला आजार समजावून सांगण्याइतके शब्द त्यात नव्हते. मराठी तर मुळीच नाही. म्हणून त्यांच्या गुरुवारच्या ओपीडीत दुभाषाचं काम माझ्याकडे आलं. ते इंग्रजीत सांगायचे, मी कन्नडमध्ये किंवा मराठीत रुग्णाच्या गळी उतरवायची.

त्यांना राहायला जागा हवी होती. माझ्या घरावरच्या दोन खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हणाले, रंगकाम चाललंय. कसलं रंगकाम आणि कसलं काय! गल्लीतले लोक काय म्हणतील, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. शेवटी त्यांना रायापूरला एका गोदामाच्या वरची खोली मिळाली. पहिल्या महिन्यात कधीतरी त्यांनी मला सहज विचारलं, "अक्का, रंग वाळला का?" चेहऱ्यावर रागाचं नाव नाही. मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही.

अळणावरकडचे रुग्ण त्यांना हळ्याळच्या रानातले सिद्दी समजायचे. सिद्दी मुळातले आफ्रिकेचेच. त्या रानांत सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मराठी-कोकणी बोलतात, बाजाराला अळणावरला येतात. त्यामुळे डॉक्टरांना बघून त्या लोकांना काडीचं नवल वाटायचं नाही. नवल वाटायचं ते आम्हा शहरवाल्यांना. "साहेब, कुठल्या गावचं म्हणायचं? हळ्याळचं, का यल्लापूरकडचं?" असं कुणी विचारलं की मी भाषांतर करायची आणि डॉक्टर गंभीरपणे सांगायचे, "स्वल्प दूर ऐतरी." थोडं लांब आहे. म्हाताऱ्यांना तेवढं पुरायचं.

ते सोमालियाचे. घरचा धंदा शेळ्या आणि उंट पाळायचा. रात्री जनावरांभोवती बाभळीसारख्या काटेरी फांद्यांचं कुंपण रचायचं, सकाळी ते उघडायचं, हे काम बायकांचं. त्यांच्या आईच्या पायात तसाच एक काटा गेला. काटा निघाला, पण मागे गाठ राहिली, वर्षभरात गाठीला छिद्रं पडली, छिद्रांतून काळे कण येऊ लागले. डॉक्टर तेव्हा हुबळीत शिकत होते. आईचा पाय गुडघ्याखाली कापल्याचं पत्र त्यांना परीक्षेच्या आठवड्यात मिळालं. ज्या आजाराने पाय गेला त्याची पुस्तकात दीड पानं होती आणि त्या आजाराचं नाव भारतातल्या मदुराईवरून पडलेलं होतं. "मी त्याच देशात बसून शिकत होतो, आणि ती दीड पानं मी परीक्षेला येणार नाहीत म्हणून सोडली होती," असं त्यांनी मला सांगितलं. सांगताना भजी खात होते. खाणं मात्र त्यांचं कधी थांबलं नाही, मिरची भजी असेल तर नाहीच.

मदुरा पाय म्हणतात त्या आजाराला. आपल्याकडे अनवाणी रानात जाणाऱ्यांना होतो. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते आणि सावकाश, वर्षानुवर्षं, मांसातून हाडात उतरते. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस येतो तेव्हा उशीर झालेला असतो. गावाकडे नुसतं 'पाय कुजला' म्हणतात, आणि सगळीकडे उपाय एकच, कापणे. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. बुरशीवरच्या गोळ्या आधी कित्येक महिने द्यायच्या, गाठ आटली की तेवढीच नेमकी कोरून काढायची, पुन्हा गोळ्या द्यायच्या. पाय ठेवता येतो. आयुष्यभर ते हेच म्हणत आले होते. आपल्या देशात परत जाऊन त्यांनी कामाला सुरुवात केली, नोंदी आणि काचपट्ट्या जमवल्या. मग लढाई पेटली आणि एका दुपारी प्रयोगशाळेची भिंतच पडली. पुढे नैरोबी, पुढे निर्वासितांच्या छावणीतले तंबू, तिथे बंदुकीच्या गोळ्या लागलेल्यांची ऑपरेशनं. पायांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी त्यांनी जुन्या वर्गमित्राला लिहिलं: तीन वर्षं दे, एवढं एक सिद्ध करून दाखवतो.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तीन वर्षं दिली. गोळ्या कुठल्याशा परदेशी संस्थेकडून फुकट यायच्या. दवाखान्याकडे मोठी यंत्रं नव्हती. पाय बरा होत आला की नाही हे ठरवायला डॉक्टरांनी एक साधी रीत बसवली होती. त्यांच्या आईच्या गावात बायका अशीच पारख करायच्या, असं ते सांगायचे. भेटीच्या दोन दिवस आधी रुग्णाने घरीच पायाला जाड पांढरं कापड गुंडाळायचं. ते डॉक्टरांनी बघेपर्यंत सोडायचं नाही. बुरशी जिवंत असेल तर कण बाहेर येतात आणि कापडाला चिकटतात. कापड सलग तीन भेटींना स्वच्छ निघालं, सूज बसली आणि छिद्रं कोरडी दिसली, की पाय बरा. मग गोळ्या बंद. ते कापड मी स्वतः हुबळीला जाऊन दाजीबानपेठेतून आणायची, चांगलं घट्ट विणीचं. दुकानदार म्हणायचा, "अक्का, एवढ्या कापडात लग्नातला मांडव होईल."

आता माझ्याकडे येते.

पहिल्याच गुरुवारी डॉक्टरांनी एक गोष्ट केली आणि आमची सगळ्यांची बोबडी वळली. रुग्णाला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि रुग्णाचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. समोर एक म्हातारा शेतमजूर होता. तो किंचाळलाच. "नको साहेब, पायाला हात नको लावू, पाप लागंल मला!" पाय ओढून घ्यायला लागला. डॉक्टरांना कळेना की दुखलं कुठे. मी समजावलं तेव्हा हसले. मग मला इंग्रजीत म्हणाले, "त्यांना सांगा, आहेत तसे या. पाय धुऊ नका. मी बघेपर्यंत कापड सोडू नका."

मला ते नीट कळलं. माझं इंग्रजी बरं आहे. एकेक शब्द कळला.

आणि मी तो म्हाताऱ्याला सांगितला नाही.

का, ते सांगते. आपल्याकडे पाहुणा दारात आला आणि चपला काढून नळ शोधायला लागला, की घरचा माणूस म्हणतो, "असू द्या, असू द्या, तसेच या आत." म्हणून काय कुणी तसंच आत जातं? घरच्याने म्हणायचं असतं, आपण तरीही पाय धुवायचे असतात. दोघांची पत राहते. डॉक्टर म्हणाले, धुऊ नका, तेव्हा मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे, गरिबाला लाज वाटू नये म्हणून म्हणतोय. त्यांच्या मोठेपणाचा फायदा घेऊन पू-मातीने भरलेले पाय त्यांच्या मांडीवर ठेवू द्यायचे? माझ्या देखत? त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की या माणसाची अब्रू राखणं माझं काम. घर दिलं नव्हतं ना. निदान हे तरी करावं, असंही कुठेतरी वाटलं असेल.

तेव्हापासून दर गुरुवारी डॉक्टर यायच्या आधी तासभर मी रुग्णांना कट्ट्यावर ओळीने बसवायची. जुनं कापड सोडवून बादलीत. बादलीतलं संध्याकाळी जाळून टाकायचं. मग साबण लावून पाय स्वच्छ धुवायचे, छिद्रं दाबून दाबून. आणि वर नवं कोरं कापड बांधायचं. आमच्याकडे पाणी आठवड्याने यायचं, म्हणून मी दोन पिंपं फक्त या कामासाठी भरून ठेवायची. पिंपाला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची खैर नसायची. डॉक्टर यायचे, जमिनीवर बसायचे, कापड हळूहळू उलगडायचे, खिडकीशी उजेडात धरायचे, भिंगातून बघायचे. "क्लीन," असं म्हणायचे. मग माझ्याकडे बघून मान डोलवायचे. मला वाटायचं, माझ्या कामाला दाद देतायत. काय सांगू, छाती फुगायची माझी.

त्या रुग्णांत अळणावरच्या पलीकडच्या एका वाडीतली बाई होती. रानात बांबू तोडायला जायची. चाळिशीची, अंगाने काटक, जिभेला लगाम नाही. उजवा पाय घोट्यापासून पुढे तव्यावरच्या भाकरीसारखा फुगलेला. नवऱ्याने दुसरं घर केलेलं, घरात ती आणि आंधळी सासू, दोघींचं पोट तिच्या पायावर. दर महिन्याला पॅसेंजरने धारवाडला यायची. तिकडच्या बायकांप्रमाणे 'आलो, गेलो' बोलायची. "आलो बघा अक्का, काढा तुमचा साबण," असं फाटकातूनच ओरडायची. डॉक्टरांचा तिच्यावर फार जीव होता. एकदा मला म्हणाले, माझ्या आईचा पाय अगदी या जागी, अगदी असाच होता. हा पाय वाचला तर, असं म्हणाले आणि पुढचं वाक्य पुरं केलं नाही.

तो वाचणार असं दिसू लागलं. आठ महिन्यांत सूज निम्म्यावर आली. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, चार तास उभे राहून, गाठ कणाकणाने कोरून काढली. मी शेजारी उभी होते. असा हात मी पाहिला नव्हता. नस न्‌ नस बाजूला सारत होता, कुठे घाई नाही. त्यानंतर एका भेटीला कापड स्वच्छ, दुसऱ्या भेटीला स्वच्छ, तिसऱ्या भेटीला स्वच्छ. गोळ्या बंद केल्या. बाईने दवाखान्यात पेढे वाटले आणि डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, आता नाचून दावू?" खरंच दोन पावलं नाचली. डॉक्टर जमिनीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते.

असे पंचवीस-तीस पाय. एकापाठोपाठ एक बरे ठरत गेले. डॉक्टरांनी निबंध लिहिला, तो छापून आला, बंगळूरच्या एका परिषदेत त्यांना वाचायला बोलावलं. जाताना त्यांच्या कोटाचं बटण मीच शिवून दिलं. परत आले तेव्हा आम्ही हार घातला. मोठे डॉक्टर म्हणाले, आता या आजारासाठी वेगळा वॉर्ड काढू, तू इथेच राहा, कायमचा. डॉक्टरांनी त्या दिवशी भज्याला हात लावला नाही. नुसते बसून होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं काही पुरं झालं होतं.

चार महिन्यांनी ती बाई आली. गुरुवार नव्हता, मंगळवार होता. त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नव्हतं आणि गुरुवारला अजून दोन दिवस होते म्हणून मी दोन्ही पिंपं घासून पालथी घातली होती. ती कट्ट्यावर बसली, म्हणाली, "अक्का, पाय परत ठणकूलालाय, पाणी कुठं हाय तुमचं?" मी म्हणाले, थांब, शेजारून मागवते. तेवढ्यात डॉक्टर वॉर्डातून बाहेर आले, तिला बघून खूश झाले आणि तिथेच अंगणात खाली बसले. पायाला तिने घरचं लुगड्याचं फडकं गुंडाळलं होतं. त्यांनी ते सोडलं.

फडक्यावर कण होते. मोहरी सांडावी तसे. काळे, ओले, घट्ट चिकटलेले.

डॉक्टर बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी मला विचारायला सांगितलं, हे कधीपासून येतंय? मी विचारलं. ती म्हणाली, "येतंयच की वो. कवा बंद झालतं? धुतलं की जातंय. गुरुवारचं तुम्हीच धुऊन घेतासा न्हवं?"

हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. दुभाषाचं काम माझंच होतं. मी सांगितलं. शेवटचं वाक्य गिळावं असं वाटलं, पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि डॉक्टरांना तेवढं कन्नड-मराठी आता कळत होतं. त्यांनी वर मान करून नळावरच्या पाटीकडे पाहिलं. तीन वर्षांत तिच्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण ती त्यांना वाचताच येत नव्हती. "ही पाटी काय म्हणते, अक्का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी कितीजणींना ओरडले असेन आयुष्यात, त्यातलं थोडं मला परत मिळालं असतं. ते उठले, हात धुतले आणि आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन इंग्रजीत एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे. भाषेच्या अडचणीमुळे माझी सूचना तुमच्यापर्यंत पोचली नसावी." आणि माझ्याकडे बघत थांबले. आता बोल, असं जणू मला कुणी सांगत होतं. सूचना पोचली होती, डॉक्टर. मी ती अडवली. एवढं बोलायचं होतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो, तसंच झालं असेल."

पुढचे दोन महिने आम्ही दोघे जीप घेऊन गावोगाव हिंडलो. कलघटगी, अळणावर, त्यापलीकडच्या वाड्या. डॉक्टर दारात उभे राहून म्हणायचे, "तोळीबेडरी," धुऊ नका, आणि मी शेजारी उभी राहून तेच मराठीत म्हणायची. बऱ्याच पायांना पुन्हा छिद्रं होती. काहींना नव्हती. पण ज्यांना नव्हती ते औषधाने बरे झाले होते, की त्यांची छिद्रं अजून पडायची होती, हे कळायला मधल्या काळातली कापडं हवी होती. ती मी दर गुरुवारी संध्याकाळी अंगणात जाळली होती. डॉक्टरांच्या तीन वर्षांचा तेवढाच पुरावा होता.

छापलेला निबंध त्यांनी स्वतः पत्र लिहून मागे घेतला. पत्रात कारण लिहिलं: संशोधकाने स्थानिक भाषेत सूचना देण्यात केलेली हयगय. टाइप मीच केलं. हयगय हा शब्द मी टाइप केला, खाली सही घेतली, पत्र पाकिटात घातलं. वेगळ्या वॉर्डाची भाषा बंद झाली. फुकटच्या गोळ्या यायच्या थांबल्या. मोठे डॉक्टर त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर हवापाण्याच्या गोष्टी करू लागले, आणि तिथेच मला कळलं की मुदत वाढणार नाही.

अळणावरच्या बाईचं हाड पोखरून गेलं होतं. आता गोळ्यांचा उपयोग नव्हता. पाय काढायचा हे तिला सांगायचं काम अर्थात माझं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझी सासू आंधळी हाय, अक्का. तिचं म्या बघतो. माझं कोण बघंल?" मी संमतीचा कागद पुढे केला. ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं. गाठ कोरायला चार तास लागले होते. पाय काढायला तासही लागला नाही. बाहेर आल्यावर ते त्याच कट्ट्यावर बसले. मी चहा नेला. "माझ्या आईचा पाय कापणाऱ्या सर्जनला मी आयुष्यभर अडाणी म्हणत आलो," ते म्हणाले. चहा तसाच गार झाला.

ती बाई त्यानंतर एकदाच आली, कुबडी घेऊन, टाके काढायला. नाचायचं वगैरे काही बोलली नाही. वाडीतल्या एकाकडून पुढे कळलं की सासूला तिच्या मुलीने नेलं आणि ही अळणावर स्टेशनच्या बाहेर बसते. मी बघायला गेले नाही. अळणावर धारवाडपासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि मी गेले नाही.

डॉक्टर आपल्या देशात परत गेले. जाताना सगळ्यांना भेटले, मलाही. मी त्यांना भज्यांचा पुडा बांधून दिला. याहून जास्त काही करायची माझी हिंमत नव्हती. पुढे मी निवृत्त झाले. आमच्या दवाखान्यात आता मदुरा पायाचा रुग्ण आला की सरळ कापायला पाठवतात. गोळ्या देऊन बघू या, असं कुणी म्हणालं, तर जुने लोक म्हणतात, तो प्रयोग आपल्याकडे झालाय, फसला. मी ऐकून घेते. प्रयोग फसला नव्हता, तो झालाच नव्हता. पण हे कुणाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज खोल गेलेला, मधेच तुटायचा. म्हणाले, हात थरथरतो, ऑपरेशनं बंद झाली आहेत. पण त्यांच्या गावाजवळ एक संस्था या आजारावर काम करायला तयार आहे, तरुण डॉक्टर आहेत, गोळ्या मिळतील. संस्थेला फक्त आधीचा काहीतरी आधार हवा. थोडासा. पाच-सहा रुग्णांचा असला तरी चालेल. "अक्का, नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "असे काही गुरुवार असतील. तुम्ही रजेवर असाल. पाणी नसेल. घाईत एखाद्याचा पाय न धुता आत आला असेल. त्या दिवशी मी पाहिलेलं कापड खरं कापड होतं. माझ्या वहीत सगळ्या तारखा आहेत. तुम्ही फक्त दिवस सांगा. पाच-सहा दिवस."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला लगेच कळलं. तिथे दूर बसून त्यांनी वही मांडीवर उघडून ठेवली असणार, हातात पेन्सिल असणार. मी पाच-सहा तारखा सांगितल्या असत्या तर त्यांनी लिहून घेतल्या असत्या. खोट्या तारखांवर तिकडे कुणाच्या तरी गोळ्या वेळेआधी बंद झाल्या असत्या. हे सगळं मला ओल्या कपड्यांसमोर उभं राहून कळत होतं, आणि तरीही ओठांवर तारीख आली होती.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुमची सूचना मला पहिल्याच दिवशी कळली होती. भाषेची अडचण नव्हती."

 

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे, अक्का. ते राहू द्या. दिवस सांगा."

मी आठवून पाहिलं. खरंच आठवलं, एकेक महिना. रजेवर जाताना मी दुसऱ्या सिस्टरला बजावून जायची, परत आल्यावर कंपाउंडरकडून खातरजमा करून घ्यायची. पाणी नसेल तेव्हा पिंपं होती. घाई मी कुणाला करू दिली नव्हती.

"एकही नाही," मी म्हणाले.

"एकही?"

"एकही पाय मी तसा आत सोडला नाही, डॉक्टर."